कौशल्याबाईंनी भरलेली तिसरी घागर

सोनाळ्यात उतरून कौशल्याबाई उमाळे कुठं राहतात असं विचारलं, तर समोरचा माणूस आधी तुम्हालाच विचारतो, "कोनती? वांग्यावाली का अमेरिकावाली?" बाई एकच आहे. वांगी ती स्वतः पिकवते आणि अमेरिकेत तिची मुलगी आहे. पण गावाला एका माणसाची दोन माणसं करण्यात फार मजा येते, त्याला कोण काय करणार.

कौशल्याबाई सातवी शिकलेल्या. पुढं शिकायचं होतं, पण लग्न झालं आणि त्या सातपुड्याच्या पायथ्याच्या या वावरात आल्या. नवरा उकंडराव अबोल माणूस. वांगी, मेथी, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, यांच्यात दोघांचा संसार झाला. एकच मुलगी, दीपमाला. सहा वर्षांपूर्वी उकंडराव मिरचीला पाणी देता देता छातीत कळ येऊन गेले. तेव्हापासून वावरही बाईंचं आणि बाजारातलं दुकानही बाईंचंच. बाजारच्या दिवशी पोतं अंथरून बसल्या की भावात कुणाचं ऐकत नाहीत, आणि वर दोन मिरच्या मात्र न मागता टाकतात.

दीपमालेनं इतिहास घेतला तेव्हा गावानं कौशल्याबाईंना चांगलंच सोलून काढलं. इतिहास शिकून पोट भरतं का, त्यापेक्षा पोरीला नर्सिंगला घाला. पुढं ती अमरावतीला शिकली, शिष्यवृत्ती मिळाली आणि कॅन्सस नावाच्या राज्यात संशोधन करायला निघाली. मग तर विचारूच नका. पोस्टातून निवृत्त झालेले इंद्रभान, म्हणजे उकंडरावांचे बालमित्र, ओट्यावर बसून म्हणाले, "अमेरिकेत जाऊन अमेरिकेचाच इतिहास शिकनार? काऊन, त्याइच्यात कोनी मानूस उरलं नाई का?"

"उरलं असतीन," कौशल्याबाई म्हणाल्या, "पन मायी पोरगी हुशार हाय, थ्याले काय करता?"

इंद्रभानांनी नाक मुरडलं. चहा मात्र त्यांनी पूर्ण घेतला.

दीपमाला लॉरेन्स नावाच्या गावात एका सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या घरी खोली घेऊन राहिली. त्या बाईचं नाव मार्गी. कौशल्याबाईंसाठी पहिल्या दिवसापासून मार्गीबाई. एकटी, उंच, पांढरे केस आखूड कापलेले. फोनवर दिसली की हात हलवायची, कौशल्याबाई हात जोडायच्या, आणि दोघी उगाच हसत बसायच्या. एकीला मराठी येत नाही, दुसरीला इंग्रजी. दोघींनाही त्याची काही फिकीर नव्हती.

मागच्या माघात दीपमाला आजारी पडली. तिकडं बर्फ पडत होता, रस्ते बंद होते आणि पोरगी तापानं फणफणलेली. छातीत कफ भरला. अशात मार्गीबाईनं आपली जुनी गाडी काढली आणि बर्फातून हळूहळू चालवत तिला दवाखान्यात नेलं. इकडं सकाळी कौशल्याबाई वांगी तोडत होत्या. फोन वाजला. पडद्यावर मार्गीबाईचा चेहरा. काय बोलते ते कळेना. मग तिनं फोन वळवला, आणि कौशल्याबाईंना दिसली पांढऱ्या गादीवर झोपलेली आपली लेक, नाकाला नळी लावलेली.

बाई वाफ्यातच खाली बसल्या. मार्गीबाईनं फोन तसाच धरून ठेवला. पोरीची छाती वरखाली होताना आईला दिसली पाहिजे, एवढं तिला न सांगता कळलं होतं. हात दुखला की ती हात बदलायची, आणि मध्येच एकदा आपला चेहरा दाखवून अंगठा वर करायची. पुढले चार दिवस हाच नेम. बाई घरी असोत की वावरात, फोन आला की तोंडात पदर धरून बघत बसायच्या.

पोरगी घरी आल्यावर खिचडीची गंमत झाली. मार्गीबाई डाळींच्या पुड्या एकेक करून फोनसमोर धरायची. तुरीची धरली, कौशल्याबाईंनी मान हलवली. मसुराची धरली, पुन्हा नाही. मुगाची दिसली तशा बाई ओरडल्या, "हाव, हाव! थेच!" हळद टाकताना मात्र म्हातारीचा हात सुटला आणि "बस, बस, बस!" असं ओरडेपर्यंत पातेलं पिवळंजर्द झालं. तरीही दीपमालेनं ती खिचडी खाल्ली आणि बरी झाली.

हे उपकार कसे फेडायचे, याचा घोर कौशल्याबाईंना लागला. त्यांचा स्वभावच तसा. शेजारणीनं वाटीभर साखर दिली तर वाटी रिकामी परत जायची नाही. इथं तर लेक परत मिळाली होती. कुरड्या पाठवल्या. गोधडी शिवून पाठवली. मार्गीबाई ती पांघरून फोनवर आली, आणि बाईंना बरंही वाटलं आणि उलट जास्तच लाजल्यासारखं झालं. एवढ्याशा गोधडीनं काय होतं!

मग एके दिवशी दीपमालेनं आपल्या अभ्यासातली गोष्ट सांगितली. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत आपसांतच युद्ध पेटलं, माणसं गुलाम म्हणून ठेवायची की नाही यावरून. कॅन्सस तेव्हा अगदी कडेचं, नुकतंच झालेलं राज्य. तिथं गुलामी नको म्हणणारे जास्त. शेजारच्या मिसुरी राज्यात गुलाम होते. सीमेवरची शेतं एकमेकांना लागून. युद्ध सुरू व्हायच्या आधीपासूनच इकडचे तिकडं जाऊन घरं जाळत, तिकडचे इकडं येऊन माणसं मारत.

"बांधाचं भांडन," कौशल्याबाई म्हणाल्या.

"बांधापेक्षा मोठं व्हतं, आई. मानसाइच्या गुलामीचं व्हतं."

"असन. पन मारामारी बांधावरच झाली ना?"

बांधाचं नाव त्या घरात सहजासहजी कुणी काढत नसे. उकंडरावांचा सख्खा धाकटा भाऊ भगवंतराव, त्याचं वावर यांच्या वावराला लागून. दहा वर्षांपूर्वी बांध कोरण्यावरून भांडण झालं आणि भगवंतरावानं रागाच्या भरात हातातली काठी मोठ्या भावाच्या हातावर घातली. हाड मोडलं. बसलं, पण वाकडं बसलं. उकंडराव मरेपर्यंत डाव्या हातानंच जेवले. भाऊ गेला तेव्हा भगवंतराव मसणात लांब, बाभळीखाली उभा होता. त्यानंतर या घराचा उंबरा त्यानं ओलांडला नाही आणि बाईंनीही त्याला कधी पाणी विचारलं नाही. समोरासमोर आले तर त्या डोक्यावरचा पदर पुढं ओढायच्या आणि तो रस्ता बदलायचा.

दीपमालेनं पुढं सांगितलं. १८६३च्या ऑगस्टमध्ये एका सकाळी चारेकशे घोडेस्वार मिसुरीच्या बाजूनं लॉरेन्समध्ये घुसले. घरोघर जाऊन पुरुषांना बाहेर काढून मारलं, हाताशी आलेली पोरंही सोडली नाहीत. दीडशेच्या आसपास गेले आणि गाव जाळलं. बायांनी जमेल तसं वाचवलं. एकीनं तर नवऱ्याला सतरंजीखाली झाकून, जळत्या घरातून सामान ओढत असल्याचं सोंग करत बाहेर आणलं.

"मोठी पोचलेली बाई!" कौशल्याबाईंना ती मनापासून आवडली.

"आपल्या मार्गीबाईचा खापरपणजोबा त्याच सकाळी दारात मारला गेला, आई. सॅम्युएल नाव व्हतं. सकाळचं खानं पानावरच राह्यलं."

कौशल्याबाई एकदम सरळ बसल्या. "उपाशी गेला?"

"हाव."

"मंग त्याले पानी कोन देते?"

"इकडं तसं नसते. फुलं ठेवतात. मार्गीबाई दरसाल ठेवते."

"फुलानं तहान जाते का पोरी?"

आणि तिथंच बाईंना वाट सापडली. आखाजी जवळ आली होती. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्यांच्याकडं पितरांच्या नावानं नवी घागर पाण्यानं भरतात, वाळा घालतात, वर आंबा ठेवतात, आणि घराबाहेरचा एक पुरुष पितर म्हणून जेवायला बसवतात. त्याच्या पानात पुरणपोळी, आंब्याचा रस, कुरड्या, वडे, कढी. त्या दिवशी तो माणूस तो नसतोच. तो गेलेलं माणूस असतो, आणि घरातला लहानथोर त्याच्या पाया पडतो. एक नेम मात्र कडक. घागर भरली आणि पान मांडलं की ते रिकामं उचलायचं नाही. पितर उपाशी दारातून गेला तर घराला लागतं, असं बाईंची सासू सांगून गेली होती. उकंडरावांच्या पानावर दरसाल इंद्रभान बसायचे. यंदा सॅम्युएलच्या नावानं दुसरी घागर भरायची, हे ठरलं. मार्गीबाईला देण्यासारखं यापेक्षा मोठं त्यांच्यापाशी काही नव्हतं.

इंद्रभान म्हणाले, "ख्रिश्चनाले पुरनपोई चालते का?"

"उपाशी मानसाले सगळं चालते."

शेजारचा कडूबा खाण्याचा शौकीन. रस किती वाट्या मिळेल एवढंच विचारून तो सॅम्युएलच्या पानावर बसायला तयार झाला. सगळं मनासारखं जमलं होतं. आणि आखाजीच्या दोन दिवस आधी दीपमालेचा फोन आला.

"आई, मी मार्गीबाईले सांगतलं. थे रडली. आज सकाळी म्हने, अजून एक मानूस हाय. तिच्या आईकडचा पणजोबा. आयझॅक. थो मिसुरीचा. लॉरेन्स जाळाले आलेल्या घोडेस्वाराइतला एक. अठरा वर्साचा व्हता तवा. मंग सरकारी सैन्यानं त्याइच्या बाजूची गावंही रिकामी केली, घरं जाळली, त्याची माय रस्त्यावर आली. थो लपूनछपून जगला, म्हातारा होऊन मेला. त्याच्या थडग्यावर घरातलं कोनी फूल ठेवत नाई. मार्गीबाई पन कधी गेली नाई. थे तुले इचारते, त्याच्यासाठी घागर भरता येते का? नसन येत तर तिले राग नाई."

"मारनाऱ्याले?" बाईंचा आवाज चढला. "त्याच्या बाजूले ज्याले मारलं थो जेवन, अन् म्या ह्यालेबी रस वाढू?"

फोन ठेवला आणि त्या वावरात गेल्या. वांग्यांना पाणी सोडलं आणि दारं मोडायला, म्हणजे पाणी पुढच्या वाफ्याकडं वळवायला, विसरल्या. वाफा भरून पाणी बांधापलीकडं, भगवंतरावाच्या वावरात गेलं. त्यांना भान आलं तेव्हा पलीकडं भगवंतराव खाली वाकून, पाणी आपल्या हळदीच्या रोपांना लागू नये म्हणून मातीचा आडवा बांध घालत होता. ओरडला नाही. वर पाहिलंही नाही. बाईंनी दार मोडलं आणि घरी आल्या.

त्या दिवशी त्यांनी स्वयंपाक केला नाही. मनात सारखा एकच हिशेब. बर्फात गाडी काढताना मार्गीबाईनं विचारलं का, ही कुणाची पोर, हिच्या घरचे चांगले का वाईट? ती एकदाही म्हणाली नाही की एवढं करते, एवढं करत नाही. चार दिवस फोन धरून उभी होती. आणि आता तिनं आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडून काही मागितलं, तर आपण त्यातलं अर्धं देणार? बाईंना स्वतःचाच राग आला. उठून त्या कुंभाराकडं गेल्या आणि तिसरी घागर घेऊन आल्या.

घागर मिळाली, माणूस मिळेना. गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. मारेकऱ्याचा पितर व्हायला कोण बसणार? एक म्हणाला, घरी पाहुणे आहेत. दुसऱ्याचं पोट अचानक बिघडलं. कडूबाला म्हटलं तू इकडून तिकडं सरक, तर तो कानाला हात लावून म्हणाला, "नाई बाप्पा. त्याचं पाप मले लागलं म्हंजे?" इंद्रभानांनी तर सरळ बजावलं, "वयनी, हट्ट सोडा. ऐन वक्ती पान रिकामं राह्यलं तर तोंड कुठं लपवसान?"

आखाजीला सकाळी तीन घागरी भरल्या. तीन पळसाच्या पत्रावळी मांडल्या. इंद्रभान पहिल्या पानावर बसले, कडूबा दुसऱ्यावर. तिसरं पान तसंच. ऊन अंगणातून ओट्यावर आलं. रसाचं पातेलं ओल्या फडक्यात ठेवलं होतं, ते फडकंही वाळत आलं. कडूबा पानाकडं बघून आवंढा गिळत होता, पण तिन्ही पितर बसल्याशिवाय वाढायचं नाही असं बाईंनी सांगून ठेवलेलं. त्या दारापर्यंत जात, रस्ता बघत, परत येत. मार्गीबाईला आता काय सांगायचं? तुझा माणूस आला, पण त्याच्यासाठी आमच्या गावात एक माणूस भेटला नाही? बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. भगवंतराव. अंघोळ केलेला, धुतलेलं धोतर, टोपी हातात. फाटकाच्या बाहेरच उभा.

"वयनी," तो म्हणाला. दहा वर्षांत पहिल्यांदा. "थ्या तिसऱ्या पानावर कोनी बसलं का?"

"नाई."

"मंग मी बसतो." त्याची मान खाली. "दुसऱ्या कोनाले काऊन तरास? थे पान मायंच हाय."

इंद्रभान ताडकन उठले. "उकंडरावच्या नावानं म्या बसलो अन् बाजूले हा बसन? वयनी, याच्या हातानं..."

"इंद्रभानभाऊ, बसा," कौशल्याबाई म्हणाल्या. "आज तुमी इंद्रभान नाई. अन् ज्याइच्या नावानं बसले, थ्याइनं कधी बोलून दाखोलं नाई, पन दर आखाजीले फाटकाकडं पाहात जेवत. मले दिसे थे."

इंद्रभान उभेच राहिले. मग हळूच खाली बसले आणि थोडं सरकून जागा केली.

भगवंतराव आत आला. उंबऱ्यापाशी थबकला. बाईंनी तांब्या उचलला आणि त्याच्या पायांवर पाणी घातलं. पितराचे पाय धुवायचेच असतात. वडील भावजय वाकलेली पाहून भगवंतरावानं पाय मागं ओढला.

"वयनी, नका. मी लहान हाय तुमच्याहून. अन् मी..."

"पाय मागं घेऊ नका भाऊजी. आज तुमी पितर हा."

त्यांनी त्याच्या पायावर डोकं टेकवलं. भगवंतराव साठीचा बाप्या, उभ्या उभ्या हुंदके देऊन रडू लागला. "म्या त्याचा जेवाचा हात मोडला, वयनी," एवढंच तो म्हणत राहिला. कौशल्याबाईही रडल्या. त्यांना वाटलं होतं की हा माणूस समोर आला की आतलं सगळं उकळून वर येईल. आलं ते भलतंच. हा आला नसता तर मार्गीबाईचा माणूस दारातून उपाशी गेला असता. देवा, तू याला धाडलंस, असं त्या मनात म्हणाल्या, आणि ते त्यांना खरंच वाटत होतं.

मग वाढलं. भगवंतरावाला घास जाईना. तेव्हा इंद्रभानांनी, म्हणजे त्या दिवशीच्या उकंडरावांनी, डाव्या हातानं रसाची वाटी त्याच्या पानाकडं सरकवली आणि नाराजीच्याच आवाजात म्हणाले, "जेव बे. पोई थंडी होऊन राह्यली." भगवंतरावानं पहिला घास तोंडात घातला. कडूबानं तोवर दोन पोळ्या संपवल्या होत्या.

संध्याकाळी, म्हणजे तिकडं सकाळी, फोन लागला. दीपमालेच्या खांद्यामागं मार्गीबाई गोधडी पांघरून उभी होती. तिनं काहीतरी विचारलं.

"आई, थे इचारते, दोघंबी आले का?"

"आले म्हन तिले. एका पंगतीत बसले." पदरानं डोळे पुसून कौशल्याबाईंनी मार्गीबाईकडं सरळ पाहिलं. "अन् सांग, तिचा आयझॅक लय रडला पयले. पन मंग पोटभर जेवला. जाताना उंबऱ्यावरून मागं फिरला अन् घागरीतलं पानी पिऊन गेला."